खेड्यातल्या गुरुजींच्या निधनानंतर त्यांच्याबद्दल लिहायचं ते काय, आणि कुठून?

कोरडवाहू
वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचून हा धागा काढतोय. 'सेवानिवृत्त मुख्याध्यापक अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. ते मनमिळाऊ स्वभावाचे होते. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' संपलं. ज्या माणसानं जिल्हा परिषदेच्या शाळांत पस्तीस वर्षं काढली, एकेका घरातल्या दोन पिढ्यांना हात धरून लिहायला शिकवलं, त्याच्या कामावर एक ओळ नसते. घरचे त्या दिवशी कोणत्या मनःस्थितीत असतात ते कळतं, त्यांना दोष नाही. पण नंतर वर्षश्राद्धापर्यंत कुणी चार पानं नीट लिहायची ठरवली, तर कागद कुठले पाहायचे? कुणाला काय विचारायचं? 'गुरुजी देवमाणूस होते' याच्या पलीकडचं हवंय. जाणकारांनी हात राखून लिहू नये.

टाचणवही
सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. बऱ्याच शिक्षकांनी दुय्यम सेवापुस्तक जपून ठेवलेलं असतं. मूळ सेवापुस्तक नोकरीभर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात असतं, पण दुय्यम प्रत घरी सापडण्याची शक्यता चांगली. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख अंकी-अक्षरी, उंची, ओळखीची खूण, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. पुढे नेमणूक, प्रशिक्षण, प्रत्येक बदली, प्रत्येक वेतनवाढ, रजा. यावरून कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या गावी, हा सांगाडा तासाभरात उभा राहतो.

कुटुंबाची आठवण इथे हमखास घसरते. 'बाबा तिथे दहा वर्षं होते' असं सगळे सांगतात आणि सेवापुस्तकात सहा निघतात. आधी तारखा लावून घ्या, मग आठवणी गोळा करा. उलटं केलं की गावं आणि वर्षं एकमेकांत मिसळतात आणि नंतर सोडवता येत नाहीत.

निंबोणी
सेवापुस्तकात माणूस कुठे होता ते कळतं, त्यानं काय केलं ते कळत नाही. त्यासाठी शाळेकडे जावं लागेल. शेरेबुक मागा. विस्तार अधिकारी, त्याआधीच्या काळात 'दिपोटीसाहेब' (डेप्युटी इन्स्पेक्टर), शाळा तपासून गेले की त्यात शेरा लिहायचे: पट किती, हजर किती, कोणत्या इयत्तेचं वाचन कच्चं, फळा कसा, टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, होतं की नाही. खोटी स्तुती करायचं त्यांना काही कारण नसायचं, म्हणून त्यातली एक बरी ओळ श्रद्धांजलीच्या दहा भाषणांपेक्षा जास्त मोलाची. मात्र शेरेबुक सगळीकडे जपलेलं सापडेलच असं नाही.

माळरान
कायम असतं ते जनरल रजिस्टर. दाखल-खारीज म्हणा. शाळा जितकी जुनी तितकं ते जुनं. रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. गुरुजींच्या कारकिर्दीची पानं त्यांच्याच हस्ताक्षरात असतात.

आणि 1 जूनचं विसरू नका. जन्माची नोंद नसलेलं मूल शाळेत आणलं की गुरुजी विचारायचे, कोणत्या पावसाळ्यात झालं, पोळ्याच्या आधी की नंतर, आणि अंदाजानं वर्ष ठरवून तारीख 1 जून टाकायचे, म्हणजे शाळा उघडताना वय पुरं भरतं. विदर्भात 1 जुलैही सापडते. त्यामुळेच दर 31 मेला कार्यालयांत निरोप समारंभांची रांग लागते. तारीख एक असली की निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस होते ना!

घाटमाथा
😄 म्हणजे अर्ध्या गावाचा वाढदिवस गुरुजींच्या टाकातून उतरलेला. बऱ्याचदा स्वतः गुरुजींचाही, त्यांच्या गुरुजींच्या टाकातून.

निंबोणी
माळरान, त्या रजिस्टरमधून खरा शोध घ्यायचा तर 'सोडल्याचे कारण' हा रकाना वाचा. 'पुढील शिक्षणासाठी', 'स्थलांतर', 'सतत गैरहजर म्हणून नाव कमी', मुलींच्या पुढे कधी कधी 'लग्न'. रीत सांगते:

गुरुजी रुजू होण्याआधीच्या तीन वर्षांत पहिलीत दाखल झालेल्या मुली मोजा. त्यातल्या किती चौथी पुरी करून गेल्या ते मोजा. मग ते रुजू झाल्यानंतर पाचव्या-सहाव्या वर्षापासून पुढच्या तीन वर्षांच्या मुलींचं तसंच करा. दोन आकडे शेजारी ठेवा. फरक पडला असेल तर तो शब्दांनी फुगवावा लागत नाही. मुलग्यांचंही करा, म्हणजे वाढ सगळ्यांची होती की मुलींची विशेष, हे कळतं. लहान गावात आकडे दोन-चारचे असतात, एक कुटुंब गाव सोडून गेलं तरी टक्केवारी कोसळते. म्हणून टक्के लिहू नका, '11 पैकी 3' असं लिहा.

ऊसतोडीच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहा. दिवाळीच्या सुमारास मुलं आईबापांबरोबर कारखान्यावर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. कॅटलॉगमध्ये, म्हणजे मुलांच्या हजेरीत, मधल्या महिन्यांत ओळीनं गैरहजेरीच्या खुणा दिसतात. एखाद्या वर्षापासून त्या खुणा कमी झाल्या असतील तर गुरुजींनी मुलांना आजी-आजोबांकडे मागे ठेवायला घरं तयार केली असण्याचा संभव आहे. पुढे हंगामी वसतिगृहं आली त्याचाही परिणाम असेल. दोन्ही तपासून मगच श्रेय लिहावं.

अभिलेख
थांबा. या रजिस्टरांत जात आहे, जन्मतारीख आहे, आईबापांची नावं आहेत. 2023 मध्ये न्या. शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना ही रजिस्टरं राज्यभर उघडली गेली, तेव्हापासून लोकांना त्यांची किंमत नव्यानं कळलीय. फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकायची चूक करू नका. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, त्यांच्यासमोर पाहा, स्वतःच्या वहीत फक्त आकडे उतरवा. रजिस्टर शाळेबाहेर नेऊ देऊ नये आणि मागूही नये.

जुनं पान हाताळायचं तर: सेलोटेप लावायची नाही, काही वर्षांत पिवळी पडून अक्षरासकट निघते. लॅमिनेशन नाही. फोटो घ्यायची परवानगी मिळाली तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, वही सपाट, मोबाइल पानाला समांतर, पान क्रमांक दिसेल असा. आधी मुखपृष्ठाचा फोटो, म्हणजे नंतर कोणतं पान कोणत्या रजिस्टरचं हा गोंधळ होत नाही. ट्रंक भिंतीला चिकटून ठेवली असेल तर वाळवी भिंतीतूनच येते, चार विटांवर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. निळी शाई ओल लागली की पसरते, त्यामुळे ओल्या फडक्यानं धूळ पुसू नका, कोरडा मऊ ब्रश घ्या.

घाटमाथा
जुन्या काळातल्या गुरुजींबद्दल लिहिणाऱ्यांसाठी थोडा काळाचा पट, नाहीतर कागदांवरचे शब्द लागत नाहीत.

जिल्हा परिषदा 1 मे 1962 ला आल्या. त्याआधी पश्चिम महाराष्ट्रात 1947 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखालचं जिल्हा स्कूल बोर्ड, नागपूरकडे जनपद सभा, मराठवाडा तर 1948 पर्यंत निजामाकडे. म्हणून मराठवाड्यातली जुनी दप्तरं उर्दूत निघू शकतात आणि इकडची मोडीत. मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा.

पात्रतेत 'व्ह. फा.' दिसलं तर ती व्हर्नाक्युलर फायनल, सातवीची सार्वजनिक परीक्षा. त्यावर मास्तरकी मिळत असे. मग पीटीसी हे शिक्षक-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पुढे डी.एड. 'मॅट्रिक' म्हणजे जुनी अकरावी, दहावीची पहिली परीक्षा 1975 ची.

1957 च्या आधी लागलेल्या शिक्षकांनी अंकगणित दोनदा शिकवलं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही सगळी आणे-पै आणि शेर-पायलीच्या हिशोबासाठी होती. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, पुढच्या काही वर्षांत मेट्रिक मापं. बाजारात दोन्ही चालू, घरात आजी पायलीनं मोजणार आणि पुस्तकात किलो. त्या दहा-बारा वर्षांत मुलांना रूपांतराची कोष्टकं पाठ करून घेणं हे वेगळंच काम होतं. 1959 ला साताऱ्यातून सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीमही विचारा: दिवसा मुलं, रात्री कंदिलावर मोठी माणसं. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. एखाद्या घरात त्याचा फोटो भिंतीवर असतो.

पेन्शनर_58
शिकवण्याबाहेरचीही कामं लिहा. दर दहा वर्षांनी जनगणना, म्हणजे 1961 ते 1991 नोकरीत असलेल्यानं चार वेळा गावातली घरं मोजली. निवडणुका. आणीबाणीत कुटुंबनियोजनाच्या केसेस आणायचा तगादा. अनेक खेड्यांत शाखा टपाल कार्यालय मास्तरांकडेच असायचं, मनीऑर्डर वाटायची, पत्र वाचून दाखवायचं आणि उत्तरही लिहून द्यायचं. 1977-78 चा सरकारी कर्मचाऱ्यांचा 54 दिवसांचा संप. 1995 पासून पोषण आहाराचा तांदूळ: आधी 80 टक्के हजेरीला महिन्याला तीन किलो, वजन करून, सह्या-अंगठे घेऊन. पुढे शिजवून, प्राथमिकला रोज माणशी 100 ग्रॅम. पोती मोजणं, उंदरांपासून वाचवणं आणि नोंदवही जुळवणं हे शिकवण्याच्या वेळातूनच.

निंबोणी
आणि वर्गात नक्की काय करायचे, हे तर अजून कुणी लिहिलंच नाही. दोन शिक्षक, चार इयत्ता. कुठे एकच शिक्षक. 1987 च्या खडू-फळा मोहिमेनं दोन खोल्या आणि दुसरा शिक्षक देईपर्यंत एकशिक्षकी शाळा सर्रास होत्या.

अशा वर्गाची घडी अशी असते. एका वेळी एकाच इयत्तेला तोंडी शिकवायचं, बाकीच्यांच्या हाताला काम असलंच पाहिजे. पहिलीला पाटीवर गिरवणं, दुसरीला फळ्याच्या एका कोपऱ्यातली बेरीज-वजाबाकी, तिसरीला मूकवाचन, चौथीला नवीन पाठ. वीस मिनिटांनी फिरवायचं. पहिलीचं पोर वीस मिनिटं टिकत नाही, म्हणून चौथीतली दोन मुलं त्यांच्यात बसवायची. त्यात चूक एकच होते: तीच दोन हुशार मुलं रोज बसवली की त्यांचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो. चांगला शिक्षक गटप्रमुख आठवड्याला बदलतो. माजी विद्यार्थ्यांना हेच विचारा, 'गटप्रमुख कोण असायचं आणि किती दिवस?' उत्तरातून गुरुजींची पद्धत बाहेर येते.

फळ्याचंही विचारा. सरकारी रंग मिळाला नाही तर कोळशाची वस्त्रगाळ पूड, पाल्याचा रस आणि टॉर्चच्या संपलेल्या सेलमधली काळी पूड कालवून मुलांकडून फळा घोटून घ्यायचे. (सेल फोडणं विषारी, आता कुणी करू नये.) तैलरंग दिला की उलट तऱ्हा: फळा चकाकतो, खिडकीकडच्या मुलांना दिसत नाही आणि खडू घसरतो. त्यावर उपाय म्हणजे रंग पुरता वाळू द्यायचा, खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा आणि मगच पहिलं अक्षर काढायचं. भिंतीला खालून दोन-अडीच फुटांचा काळा पट्टा मारून प्रत्येक मुलाला लिहायला जागा करून देणारे शिक्षक होते. तो पट्टा कुठल्या जुन्या खोलीत अजून असेल तर त्याचा फोटो पुस्तिकेत मोठा छापा.

संध्याताई
छडीचं काय? सगळे गोड लिहिताय. हाताच्या पालथ्या बाजूवर छडी, अंगठे धरून उभं करणं, हेही त्याच वर्गात होतं. काही गावांत दलित मुलांनी पाण्याचा माठ शिवायचा नाही हेही होतं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात, पण मग चरित्र कसलं?

पेन्शनर_58
संध्याताई, तेराव्याला वाटायच्या पुस्तिकेत छडी कशाला? मुलाबाळांच्या मनाचा विचार करा.

बखरवाला
दोघांचंही बरोबर, पण जागा वेगवेगळ्या. चार ओळींच्या निधनवार्तेत नको. चार पानांच्या लेखात मात्र ताई म्हणतात तसं यायलाच हवं, कारण माठाचा प्रश्न त्या गुरुजींनी कसा सोडवला हीच कदाचित त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट असेल. रांग एक केली का? पाणी वाढायला कुणाला उभं केलं? पालक भांडायला आले तेव्हा काय झालं? आणि सोडवला नसेल तर तेही त्याच रांगेतल्या मुलांना विचारून लिहा, वरच्या आळीतल्यांना विचारून नव्हे. छडीबाबत एक वाक्य पुरतं: तेव्हा कायद्यानं मनाई नव्हती, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आली, आणि हे गुरुजी मारायचे किंवा मारायचे नाहीत. निवृत्तीनंतर आलेला नियम मागे लावून न्याय करू नका, आणि 'त्या काळी चालायचं' म्हणून लपवूही नका.

संध्याताई
हे मान्य.

कोरडवाहू
माजी विद्यार्थ्यांना विचारायचे आणखी प्रश्न सुचवा. 'गुरुजी कसे होते' विचारलं की 'फार चांगले' एवढंच येतं.

टाचणवही
वस्तू आणि कृती विचारा, स्वभाव विचारू नका. शाळेची घंटा कशाची होती? (बहुतेक ठिकाणी रुळाचा तुकडा.) कोण वाजवायचं? शनिवारी सकाळी काय चालायचं? शाळा सारवायला पाणी कुठून आणायचे? पाढे उभं राहून की बसून, एकेकट्यानं की झुंडीनं? शिष्यवृत्तीच्या मुलांना जादा तास सकाळी की रात्री, आणि दिवा कुणाचा? पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की गुरुजी कसे यायचे? गावातच राहायचे का, कुणाच्या घरात? सर्वांत वयस्क माणसाकडे आधी जा. एका वेळी एकालाच विचारा, चौघं बसले की एकाचीच आठवण चौघांची होते. फोनवर ध्वनिमुद्रण करायचं तर पंखा बंद आणि आधी परवानगी.

माळरान
थोडं अवांतर, पण घरच्यांना उपयोगी. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते. गुरुजी शहरातल्या दवाखान्यात गेले असतील तर गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालू नका, नोंद तिथल्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत. 21 दिवसांच्या आत विनाशुल्क. वर्ष उलटलं तर वरिष्ठांचा आदेश लागतो आणि दमछाक होते.

पेन्शनर_58
यात भर घालतो. निवृत्तिवेतन मृत्यूच्या दिवसापर्यंतचं, कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून. बँकेत नंतरच्या महिन्याची रक्कम जमा झाली तर काढू नका, वसुली लागते. पंचायत समितीला तातडीनं लेखी कळवा. मृत्यू दाखला, पीपीओची (निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, पत्नीचं आधार, पॅन, पासबुक आणि फोटो. खरी अडचण नावाची: पीपीओवर 'शांताबाई', आधारवर 'शांता', बँकेत माहेरचं नाव. हे गुरुजी हयात असतानाच जुळवून घेतलं तर आईंना म्हातारपणी हेलपाटे पडत नाहीत. अंशराशीकरणाची (निवृत्तिवेतनाचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याची) कपात कुटुंब निवृत्तिवेतनातून होत नाही, तशी केली तर हरकत घ्या.

बखरवाला
स्मारकाबद्दलही लिहितो, कारण गावात तो विषय निघतोच. प्रवेशद्वार किंवा अर्धपुतळ्यावर वर्गणी घालवू नये असं माझं ठाम मत आहे. गुरुजींच्या नावे ठेव ठेवून बक्षीस हा नेहमीचा मार्ग, पण व्याज घटत जातं आणि काही वर्षांनी बक्षिसात पेनही येत नाही. शिवाय बक्षीस पहिल्या नंबरालाच जातं. त्यापेक्षा वाचनालयाचं कपाट, वर्षाला ठरलेली नवी पुस्तकं आणि ती घरी न्यायची मुभा. शाळेला काहीही द्यायचं तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, 'शैक्षणिक उठाव', म्हणजे गावानं शाळेला दिलेली मदत, म्हणून नोंद करा, वस्तू डेडस्टॉक (टिकाऊ सामानाच्या) रजिस्टरला चढवा. नोंद नसलेलं कपाट नवा मुख्याध्यापक आला की कुणाचं ते सांगता येत नाही. पुस्तकं कुलपात ठेवायची अट मात्र अजिबात मान्य करू नका.

घाटमाथा
पुतळ्याबद्दल सहमत. पण पट घटून शाळा बंद व्हायची वेळ आली असेल तर कपाटाचं काय? दप्तर जवळच्या शाळेत जातं, कपाटही जाईल. ठरावातच लिहून ठेवा कुठे जायचं ते.

कोरडवाहू
सगळ्यांचे मनापासून आभार. वरचं वाचून निधनवार्तेचा एक साचा केलाय, जागा मोकळ्या ठेवल्यात:

'(गाव) येथील सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक (नाव) यांचे (तारीख) रोजी निधन झाले. (वर्ष) मध्ये ते (गाव) येथील एकशिक्षकी शाळेत रुजू झाले. (गाव), (गाव) आणि (गाव) येथे त्यांनी एकूण (आकडा) वर्षे अध्यापन केले. (गाव) येथे त्यांच्या काळात चौथी पूर्ण करणाऱ्या मुलींची संख्या (आकडा) वरून (आकडा) झाली. रात्रीच्या वर्गात त्यांनी प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवले. त्यांच्या पश्चात (परिवार).'

निंबोणी
चांगला झालाय. दोन बदल करा. मुलींच्या ओळीत 'दाखल झालेल्या इतक्यांपैकी इतक्या' असं लिहा, नुसती संख्या वाढली तर गावाची वस्ती वाढल्यानंही वाढते. आणि ज्या गावी सर्वांत जास्त वर्षं होते त्या गावाचं नाव आधी घ्या, जन्मगावाचं नंतर. त्या गावातले लोक वार्ता शोधतील तेव्हा त्यांना पहिल्या ओळीत सापडली पाहिजे.

टाचणवही
शाळेचं नाव पूर्ण लिहा, तालुका-जिल्ह्यासकट. एकाच नावाची गावं एकाच तालुक्यात दोन-दोन असतात, खुर्द की बुद्रुक हे सुटलं तर सगळी माहिती भलत्याच गावाच्या खात्यावर जाते.